हापूसची साल का सुरकुतते?

आढीत पिकत आलेला हा हापूस तिरप्या उजेडात धरला, की गालावर बारीक उंचवटे दिसतात, जवळपास सारख्या अंतरावर. साल सैल झाली, असं आपण म्हणतो. खरं तर साल आहे तेवढीच आहे. पाणी जाऊन आतला गर आकसलाय. साल गराला चिकटलेली, म्हणून तीही आत ओढली जाते, चहूबाजूंनी दाबली जाते आणि शेवटी वाकते.

सुटी साल एकाच मोठ्या बाकात वाकली असती. इथे मोठ्या बाकासाठी गर खोलवर हलवावा लागेल आणि फार बारीक लाटेला सालीचा ताठपणा आडवा येतो. दोन्हींना परवडेल ते अंतर ठरतं.

सपाट पृष्ठभागाचं गणित असं: साल गराच्या दहापट ताठ असेल, तर सुरकुतीसाठी लांबीत सुमारे ११ टक्के आकुंचन लागतं. गर मऊ होऊन फरक शंभरपटीवर गेला, की साधारण २.४ टक्के पुरतं. तेव्हा लाटांमधलं अंतर सालीच्या ताठ थराच्या जाडीच्या सुमारे २० पट येतं. ताठ थर ०.२ मिलिमीटरचा धरला, तर ४ मिलिमीटर. म्हणूनच कडक असताना गुळगुळीत दिसणारं फळ पिकताना दगा देतं. गोलाई सालीला आधार देते. त्यामुळे टोकापेक्षा पसरट गालावर साल आधी हार मानते.

सुरकुत्या दाट म्हणून फळ जास्त सुकलं, हा अंदाज चुकीचा. सुकणं वाढलं की वाढते ती खोली. फारच सुकलं, तर शेजारच्या लाटा मिळून खोल घडी पडते.

उपाय काढणीपासूनच सुरू होतो. चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार फळ घ्यायचं: देठाजवळचे खांदे वर आलेले, पाण्यात बुडणारं. कोवळं फळ तरंगतं आणि पिकताना तेच जास्त आकसतं. सकाळच्या गारव्यात झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीनं, देठासकट उतरवायचं. भरलेले क्रेट तापलेल्या कातळावर ठेवायचे नाहीत, लगेच सावलीत आणायचे. आढीत भाताचा पेंढा, त्यावर फळांचा एकच थर, वर पुन्हा पेंढा. हवा खेळती हवी, पण पंख्याचा थेट झोत नको. आणि क्रेटमध्ये आंबे ओतायचे नाहीत, हातानं लावायचे. साल खरचटली, की तिच्यावरचं मेण जातं आणि त्या जागेतून पाणी झपाट्यानं निघून जातं.