‘अनावश्यक’ सेरीन

मंडळी, आज ज्या अमिनो आम्लाबद्दल, म्हणजे प्रथिनांच्या साखळीतल्या एका मण्याबद्दल, बोलायचं आहे, त्याला पाठ्यपुस्तकात ‘अनावश्यक’ म्हणतात. नाव सेरीन. १८६५ मध्ये एमिल क्रामर यांनी ते रेशमाच्या चिकट आवरणातून वेगळं काढलं, म्हणून रेशमाच्या लॅटिन नावावरून त्याचं बारसं झालं. अनावश्यक म्हणजे एवढंच, की ते खाण्यातून आलं नाही तरी अडत नाही. पेशी ते स्वतः बनवतात. पेशीला ते नकोच असतं असा अर्थ कुणी काढू नये. मला तर हा शब्दच बदलावासा वाटतो.

हे सेरीन एका रोगात फार महत्त्वाचं ठरतं, तो म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, हाडातच सुरू होणारा कर्करोग. बहुतेकदा वाढीच्या वयात, गुडघ्याच्या वर किंवा खाली. खेळताना मार लागला असेल, म्हणून सुरुवातीचं दुखणं अंगावर काढलं जातं. बायोप्सीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की जांभळ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी दिसतात आणि त्यांच्या मधून गेलेली गुलाबी जाळी. ही जाळी म्हणजे ऑस्टिऑइड, अजून कॅल्शियम न भरलेलं कच्चं हाड. कर्कपेशीच ते विणतात, आणि निदान पक्कं होतं ते त्यावरून. ही जाळी मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची. कोलॅजेनच्या साखळीत दर तिसरा मणी ग्लायसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा असतो, आणि ग्लायसीन पेशीत सेरीनपासून तयार होतं.

ते तयार होताना सेरीनचा एक कार्बन सुटतो. तो फोलेट हे ब-जीवनसत्त्व उचलतं आणि डीएनएचे घटक बनवायला पुरवतं. भराभर विभागणाऱ्या पेशीला हा पुरवठा अखंड लागतो. आता गंमत बघा. या रोगात मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचं औषध देतात, तेही शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅम. एवढी मात्रा जीवघेणी ठरेल, म्हणून साधारण २४ तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा देऊन निरोगी पेशी वाचवाव्या लागतात. मेथोट्रेक्सेट फोलेटचं चक्र अडवतं. म्हणजे सेरीनचं नाव न घेता, त्याच्याच वाटेवर आपण कित्येक वर्षं नाकाबंदी करत आलो आहोत. रोग पसरलेला नसेल तर या उपचारांनी दहापैकी सहा-सात रुग्ण दीर्घकाळ जगतात. फुप्फुसात पोहोचला असेल तर फार कमी. १९८० च्या दशकापासून हे आकडे फारसे हललेले नाहीत.

मग थेट सेरीनचा कारखानाच बंद केला तर? ग्लुकोजच्या विघटनाच्या वाटेवर एक फाटा सेरीनकडे वळतो. त्या फाट्यावरचं पहिलं एन्झाइम पीएचजीडीएच. २०११ मध्ये काही स्तनकर्करोगांत आणि मेलानोमात (त्वचेच्या एका कर्करोगात) त्याच्या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. ऑस्टिओसार्कोमावरचं एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. हे एन्झाइम जास्त असलेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी दिसलं. प्रयोगशाळेत ते अडवल्यावर पेशींची वाढ मंदावली.

पण पेशी मेल्या नाहीत! मला या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सेरीनचा पुरवठा तुटल्यावर पेशीनं जगण्याची दुसरी सोय केली; पोषणाची खबर ठेवणारी एमटॉर ही यंत्रणा उलट जोरात चालू झाली. संशोधकांनी तीही दाबली, परहेक्सिलीन नावाच्या औषधानं, आणि दोन्ही मिळून पेशी मेल्या. परहेक्सिलीन हे मुळात अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचं, जुनं औषध; यकृताला आणि नसांना इजा करतं म्हणून बऱ्याच ठिकाणी मागे पडलेलं. तेव्हा उद्या ते रुग्णाला मिळेल, असं समजू नका.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: मुलाची प्रथिनं कमी करायची का? नाही. हा कारखाना ग्लुकोजवर चालतो, तो ताट बदलून बंद पडत नाही. केमोथेरपीत वजन उतरतं, तेव्हा त्या मुलाला प्रथिनं हवीच असतात. ‘मग साखर बंद करू का?’ असं खाली लिहिलंय. बंद केलीत तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज स्वतः बनवून भरून काढतं.