आधी हेडफोन, मग माइक

नमस्कार, श्रोतेहो. पॉडकास्ट करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, माइक कोणता घेऊ? माइकचं नंतर बघू. आधी तारेचा हेडफोन घ्या. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज कानापर्यंत उशिरा पोहोचतो. रेकॉर्डिंग चालू असताना कानाला हेडफोन हवाच. का, ते ऐका.

नेरूळच्या कॉलेजातल्या दोघी मुली बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात एका मावशींकडे गेल्या. विषय खाडीतल्या निवट्यांचा, म्हणजे चिखलात बिळं करून राहणाऱ्या छोट्या माशांचा. मावशी रंगल्या. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, बीळ हेरायचं, कोपरापर्यंत हात घालायचा आणि निवटी बोटांतून निसटायच्या आत मूठ आवळायची, सगळं हातवारे करून. कॉलर माइक पदराला, हेडफोन पिशवीत. चाळीस मिनिटं झाली. घरी येऊन ऐकतात तर टक्, टक्, खर्र! मंगळसूत्राची वाटी माइकवर आपटतेय आणि हात हलला की पदर घासतोय.

पंख्याची घरघर एकसारखी असते, सॉफ्टवेअर ती बरीच कमी करतं. ही टकटक मात्र नेमकी शब्दावर पडलेली. ती काढायला जावं तर शब्दही जातो.

पुढच्या रविवारी मुली परत गेल्या. मावशींनी चहा दिला, बोलल्याही; पण निवटीची गोष्ट दोन मिनिटांत आटोपली. "मागच्या वेळी सांगितलं ना गो तुला!" माणूस तीच गोष्ट तशीच दुसऱ्यांदा सांगत नाही.

या खेपेला मात्र माइक हनुवटीखाली एक वीत होता. मंगळसूत्र पिन लावून बाजूला. तारेचं छोटं वेटोळं करून मेडिकलच्या कागदी टेपनं कापडाला चिकटवलेलं, म्हणजे तार ओढली गेली तरी धक्का माइकला लागत नाही. बांगड्यांसाठी मांडीवर टॉवेल. आणि एकीच्या कानाला हेडफोन. तुमच्या फोनचं ॲप चालू रेकॉर्डिंग ऐकवत नसेल, तर अर्धा मिनिट बोलायला लावा, थांबवा, ऐका, मगच सुरू करा.

माइक तोंडाजवळ का? अंतर दुप्पट केलं की थेट आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो, खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. घणसोली-खारघरच्या नव्या फ्लॅटमध्ये, टाइल्स आणि रिकाम्या भिंतींमध्ये, महागडा माइकही विहिरीत बोलल्यासारखा ऐकू येतो. गादी उभी करा, समोर गोधड्या टांगा. बोलणाऱ्याचा मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये ठेवा. शून्याला भिडला की फाटतो, आणि फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही.

व्हिडिओही करताय? चेहरा खिडकीकडे, पाठ नव्हे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. नाहीतर काही ट्यूबलाइट-एलईडीखाली चित्रावर पट्टे सरकतात. आवाज वेगळा रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, दोन्ही फाइली तिथेच जुळतात.

  

आणि सुरुवातीचं संगीत पाच सेकंदांवर नको. मिनिटभर सनई-चौघडा वाजवत बसलात तर ऐकणारा दुसरीकडे जातो. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणसाचा आवाज हवा, तोही गोष्टीच्या ऐन मधला. त्या मुलींच्या बिघडलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वीस सेकंद स्वच्छ निघाली. मावशींनी एका हातानं पदर छातीशी घट्ट धरला होता आणि दुसरा हात बिळात घातल्यासारखा पुढे केला होता. मुलींनी भाग तिथूनच सुरू केला.