पंचा वाळला का?

(पडद्यावर: खिडकीबाहेर पाऊस. बाल्कनीतल्या दोरीवर ओळीनं पंचे.)

डोंबिवली. जुलै महिना. चार दिवस ऊन नाही. या दिवसांत आमच्या आत्याकडे चादरी धुवायला निघत नाहीत, कारण दोरीवर जागाच नसते. अकरा पंचे वाळत असतात. सगळे एका सशाचे.

सशाचं नाव भुऱ्या. मागचे दोन्ही पाय दोन वर्षांपासून हलत नाहीत. घरी आलेल्या एका लहान मुलानं त्याला बगलेत धरून उचललं, भुऱ्यानं हवेत लाथ झाडली आणि कमरेचा मणका गेला. एवढ्यानं? हो, एवढ्यानं. सशाच्या मागच्या पायांत जोर भरपूर, पण सांगाडा हलका. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली हवाच. हे मला आत्याचा ओरडा खाऊनच कळलं.

(जवळून: भुऱ्याचा तळपाय.)

नीट पाहा. कुत्र्या-मांजराच्या पायाला असते तशी गादी इथे नाही. दाट केस आणि त्याखाली पातळ कातडी, बस. धडधाकट ससा सारखी जागा बदलतो, स्वतःला चाटून साफ ठेवतो. भुऱ्या बसला की बसला. मूत्र मांड्यांवरून पायांवर ओघळतं. सशाचं मूत्र गढूळ असतं, कारण खाण्यातलं जादा कॅल्शियम त्यातूनच बाहेर पडतं. वाळलं की चुन्यासारखा थर धरतो. खालची कातडी आधी लाल होते, मग केस झडतात, मग घोट्यापाशी जखम. ती हाडापर्यंत पोचली की बरी करणं फार अवघड.

आणखी एक भानगड आहे. ससे कडक लेंड्यांखेरीज मऊ लेंड्याही टाकतात, छोट्या द्राक्षांच्या घोसासारख्या, आणि वाकून तिथल्या तिथे खातात. जीवनसत्त्वं त्यातच असतात. भुऱ्याला वाकता येत नाही, म्हणून त्या केसांत चिकटतात. आत्या त्या अलगद काढून बशीत ठेवते. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "किळस कसली रे? त्याचा नाश्ता आहे तो."

(पडद्यावर: सकाळचे साडेसहा. परातीत कोमट पाणी.)

आधी मूत्राशय रिकामं करणं. पोटावर कुठे आणि किती दाबायचं हे प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिचा हात धरून शिकवलंय. व्हिडिओ पाहून शिकायचं हे काम नव्हे, आमचा हा व्हिडिओसुद्धा नाही.

मग पाय. फक्त मळलेला भाग, दोन बोटं पाण्यात. सशाला पूर्ण अंघोळ कधीच नाही. तो इतका घाबरतो की जिवावर बेतू शकतं, आणि भिजलेली लोकर लवकर वाळत नाही, अंग गार पडतं.

धुणं पाच मिनिटांत उरकतं. वाळवायला अर्धा तास लागतो. जाड टॉवेलच्या फाशांत नखं अडकतात, म्हणून पंचा. तो दाबायचा, घासायचा नाही. सशाची कातडी सहज फाटते. एक ओला झाला की दुसरा, मग तिसरा. शेवटी हेअर ड्रायर, अगदी मंद. आत्या मध्ये स्वतःचा तळहात धरते. तिला चटका जाणवला तर ड्रायर लांब. भुऱ्याच्या पायांना तो जाणवणारच नाही.

ज्या दिवशी पाणी टाळायचं असेल त्या दिवशी मळलेल्या केसांत स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर चोळते आणि बारीक कंगव्यानं काढते. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. मांड्यांचे केस ट्रिमरनं आखूड ठेवते. कात्री घरात असून नसल्यासारखी. आणि तळपायाच्या केसांना हात लावत नाही. गादी म्हणून त्याच्याकडे तेवढंच आहे.

(पडद्यावर: अंथरुणाचे थर उलगडताना.)

तळाशी बाळांचं रबरी कापड. त्यावर पाणी शोषणारी जुनी गोधडी. सगळ्यात वर कृत्रिम लोकरीचा तुकडा. त्यातून ओल खाली झिरपते, वरचा भाग कोरडा राहतो. कोरडा आहे का, हे आत्या हातानं बघत नाही. गाल टेकवते. हाताला कळत नाही ती ओल गालाला कळते, असं तिचं म्हणणं. मी करून पाहिलं. खरं आहे.

पावसाळ्यात भीती माश्यांची. मळक्या, ओल्या केसांत माशी अंडी घालते, एका दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत कातडी खातात. अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबायचं नसतं, लगेच डॉक्टर गाठायचा. म्हणून खिडक्यांना जाळ्या, आणि दिवसातून दोनदा शेपटीखाली टॉर्च. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल मात्र चुकूनही नाही, सशाला ते विषारी आहे.

(पडद्यावर: रात्र. पंख्याखाली आत्या पंच्यांना इस्त्री करतेय.)

दोरीवर जे वाळत नाही ते इस्त्रीखाली वाळतं. वीजबिलाचा विषय मी काढत नाही.

ससे मागच्या पायानं कान खाजवतात. भुऱ्याचं डोकं एका बाजूला कलायला लागलं की आत्या इस्त्री उभी करून ठेवते आणि बोटानं त्याच्या कानामागे खाजवते. त्याचे डोळे अर्धे मिटतात, दात हलकेच कुरकुरतात. दुसऱ्या हातानं तिनं शेवटचा पंचा गालाला लावलाय.

"अजून दमट आहे रे," ती म्हणते. "जरा पंखा वाढव."