दोघांनी ऐकलं तरच

"मामा, फूटभर पुढे घ्या."

रविवार, सकाळचे सहा. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर बोरामणीच्या अलीकडे आमची गाडी कडेला उभी आहे. टपाच्या बरोबर मधोमध चुंबकाने चिकटवलेली, जेमतेम अर्ध्या मीटरची ही काडी म्हणजे आमचा अँटेना. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मांडीवर वही. वहीत वेळ लिहिलीय ००:३०. रेडिओच्या वहीत जगभर एकच घड्याळ चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेलं.

सीक्यू वर्ल्ड-वाइड व्हीएचएफ ही हौशी रेडिओवाल्यांची जुलैतली स्पर्धा. एकूण २७ तासांची. आपल्याकडे ती शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होते. कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं आपलं रेडिओवरचं नाव, सांगायची, आपला चौकोन सांगायचा, समोरच्याचं तेच बिनचूक ऐकायचं. रिपीटरची, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या मधल्या यंत्राची, मदत घेतलेली चालत नाही.

चौकोन म्हणजे काय, ते सांगते. सगळी पृथ्वी एक अंश अक्षांश आणि दोन अंश रेखांशाच्या चौकोनांत वाटलेली आहे. सोलापूर शहर एमके ७७ मध्ये येतं. शहराच्या पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवरून ७६ रेखांश जातो. तो ओलांडला की एमके ८७. उत्तरेला १८ अक्षांशाची रेघ, आणि या दोन रेघा एकमेकींना छेदतात ती जागा तुळजापूरच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर आहे. चार चौकोनांचा तो कोपरा. आपल्या उंबऱ्यापासून इतक्या जवळ असलेली ही गोष्ट मला नकाशावर पहिल्यांदा मामांनी दाखवली, आणि मी कितीतरी वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते.

या कोपऱ्याचं आम्हाला महत्त्व मोठं. आपल्या भागात हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी थोडी. गच्चीवर बसून बोलायचं म्हटलं तर तासाभरात यादी संपते. पण नियमात 'रोव्हर' नावाचा गट आहे. गाडी घेऊन फिरायचं, माणसं जास्तीत जास्त दोन. चौकोन बदलला की आधी बोललेल्या स्टेशनशी पुन्हा बोलता येतं आणि तो संपर्क नव्याने धरला जातो. म्हणून आमचा फेरा ठरलेला: बोरामणी, नळदुर्ग, तुळजापूर, बार्शी, वैराग आणि परत घर.

मामांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाचे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, फ, थ ही अक्षरं मामांना आता पुसट ऐकू येतात. कारखान्यात शेजारच्याचं बोलणं ओठांवरून कळायचं. रेडिओवर ओठ दिसत नाहीत. मुळात रेडिओच वरच्या पट्टीतला बराच आवाज कापून टाकतो, त्यामुळे 'एस' आणि 'एफ' धडधाकट कानालाही सारखेच वाटतात. म्हणून तर सिएरा, फॉक्सट्रॉट अशी पूर्ण शब्दांची वर्णमाला १९५६ पासून जगभर रूढ झाली.

पण खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढणं मामांइतकं कुणालाच जमत नाही. ते स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय, पूर्ण उघडा ठेवतात. स्पीकर सतत खरखरतो, माझं डोकं दुखायला लागतं, आणि मामा एकदम बोट वर करतात. "आहे की गं कुणीतरी." मला तोवर काहीच ऐकू आलेलं नसतं. मग मी कान देते, व्यंजनं पकडते.

मामांचे नियम दोन. चाक हातात असताना माईकला हात नाही. चालत्या गाडीत बोलायचं ते मी, थांबल्यावर मामा. आणि दुसरा: "तू काय ऐकलंस ते आधी लिही, मग मला सांग." मीही त्यांना आधी काही सुचवायचं नाही. एकाचा अंदाज दुसऱ्याच्या कानात शिरला की दोघांनाही तेच ऐकू यायला लागतं. दोघांचं जुळलं तरच वहीत पेनने लिहायचं. तोवर पेन्सिल.

तुळजापूरच्या पुढे, पठारावर. एमके ८८. खाली सोलापूरपेक्षा इथे उंची दोनशेएक मीटरने जास्त, त्यामुळे लांबचं ऐकू येतं. मामांनी बोट वर केलं. आवाज अगदी बारीक, बुडत-तरंगत येणारा. शेवटचं अक्षर '...ओ' एवढंच कळलं. मी लिहिलं रोमिओ. मामांनी लिहिलं इको. जुळेना.

तेव्हा मी म्हटलं, फूटभर पुढे घ्या. सकाळपासून कितव्यांदा, कोण जाणे. आमच्या रेडिओच्या दोन मीटर लांबीच्या लहरी थेट येतात, तशाच डोंगरावर, ट्रकवर, पत्र्यावर आपटूनही येतात. जिथे त्या एकमेकींना मारतात तिथे आवाज मरतो, आणि अशा दोन जागांत अंतर साधारण मीटरभराचं. साठच्या वेगाने जाताना हीच गोष्ट सेकंदाला १६-१७ वेळा घडते आणि आवाज फडफडतो. उभ्या गाडीला मात्र फूट-दीड फूट सरकणं पुरतं.

मामांनी क्लच हळूच सोडला. चाकाखाली खडी करकरली. आणि आवाज वर आला. स्वच्छ नाही, पण पुरेसा.

"परत सांगा, शेवटचं अक्षर," मामा माईकमध्ये म्हणाले.

दोघांनी न बोलता लिहिलं. मी वही त्यांच्याकडे सरकवली, त्यांनी हातातली चिठ्ठी माझ्याकडे. दोन्हीकडे एकच: किलो. सकाळी सव्वानऊला, त्या वहीतल्या वेळेत ०३:४५ ला, मी पेनाचं टोपण काढलं.

बार्शीवरून परतताना वैरागच्या दक्षिणेला १८ अक्षांश पुन्हा ओलांडला. मामा गाडी चालवत होते, म्हणून माईक माझ्याकडे. सोलापुरातलं ओळखीचं स्टेशन आलं, सकाळपासून आमच्या मागावर असलेलं.

"आता कुठल्या चौकोनात?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता मान डोलावली.

"माइक किलो सेव्हन सेव्हन," मी म्हटलं. "घराकडे निघालोय."