गोठ्यातली झोळी

नमस्कार मंडळी. मी मूळची निफाड तालुक्यातली, आता बरीच वर्षं नाशकात लहान मुलांची डॉक्टर आहे, आणि आजचा विषय सुचला तो माहेरी. भावाचा मुलगा चार वर्षांचा, त्याला रात्री धाप लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी म्हटलं हा बाळदमा आहे, तर आई म्हणते, "मळ्यातल्या पोराला कुठं दमा असतो का? दमा तुमच्या शहरातल्या पोरांना."

आई अगदीच चुकत नव्हती बरं का. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या खेड्यांतल्या 812 मुलांचा एक अभ्यास 2001 मध्ये छापून आला, त्यात जी मुलं वर्षाच्या आत गोठ्यात वावरली आणि घरच्या गाईचं दूध प्यायली त्यांच्यात दमा निघाला 1 टक्का, आणि ज्यांचा हाच संबंध एक ते पाच वर्षांच्या दरम्यान आला त्यांच्यात 11 टक्के. म्हणजे गोठा तोच, पण वेळ चुकली! आई पोटुशी असताना गोठ्यात काम करत असेल तर त्याचाही बाळाला उपयोग होतो असं दिसलंय.

पण नुसतं शेत असून भागत नाही. अमेरिकेत अमिश आणि हटेराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, खाणंपिणं, राहणं बरंचसं सारखं, तरी 2016 च्या अभ्यासात अमिश मुलांमध्ये दमा सुमारे 5 टक्के तर हटेराइट मुलांमध्ये 21 टक्के. फरक कशात? अमिश लोकांचा गोठा घराला लागून, काम घोड्यांवर, पोरं जनावरांतच खेळतात. हटेराइटांची शेती मोठी, यंत्रांची, जनावरं वस्तीपासून लांब. अमिश घरांतल्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एक घटक, जवळजवळ सात पट जास्त निघाला, आणि त्या धुळीचा अर्क उंदरांच्या नाकात सोडला तर त्यांचा दम्यासारखा त्रास बराच दबला, हटेराइट धुळीने मात्र वाढला. लहानपणी शरीराची प्रतिकारशक्ती शिकत असते ना, कशावर चिडायचं आणि कशावर नाही, तर ते शिक्षण हीच धूळ देत असावी.

आता माझ्या माहेराचं सांगते. मी लहान असताना गोठा आणि ओसरी यात एकच भिंत होती. आई धार काढायला बसली की माझी झोळी गोठ्याच्या आढ्याला बांधायची, वर कडबा, खाली शेण, आणि एक गाय म्हणे झोळीचं टोक चघळायची. आज तिथं फरशीचा बंगला आहे, गायी विकल्या, गोठ्याच्या जागी ट्रॅक्टर उभा असतो, दूध पिशवीचं येतं. खिडकीपासून दहा पावलांवर द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी झाली की डावण्या हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून सारखं औषध मारणं चालू, फवारणीच्या ब्लोअरचे तुषार पार ओट्यापर्यंत. सातबारा तोच आहे, पण हा आईच्या डोक्यातला मळा राहिला नाही. भाच्याचा दमा नेमका कशामुळे ते मी सांगू शकत नाही, कुणीच नाही सांगू शकत, त्यात घराण्याचा भाग असतो, सर्दीच्या व्हायरसचा असतो. पण "शेतात राहतो म्हणजे दमा नाही" हे मात्र आता डोक्यातून काढा, कारण त्या एका समजुतीपायी आम्ही आठ महिने नुसता खोकल्याच्या बाटल्यांवर काढले.

आणि हे ऐकून कुणी दमा झालेल्या पोराला गोठ्यात नेऊन बसवू नका, हात जोडून सांगते. हे संरक्षण दमा व्हायच्या आधीचं, ते उपचार नाहीत. एकदा दमा जडला की तीच कडब्याची धूळ, तोच फवारणीच्या औषधाचा वास दम्याचा अटॅक आणू शकतो, तेव्हा बागेत ब्लोअर चालू असला की खिडक्या लावा, मुलाला लांब ठेवा. कच्चं दूध तर नकोच, त्यातून टीबी, ब्रुसेलोसिस (जनावरांपासून माणसाला होणारा तापाचा आजार) येऊ शकतो, दूध तापवूनच. आणि दम्याच्या पंपाला, म्हणजे इनहेलरला, घाबरू नका हो! पंपाची सवय लागते असं गावागावात ऐकते मी, तशी सवय वगैरे लागत नाही, औषध थेट फुप्फुसात जातं आणि तेही थोडंसंच लागतं.

परवा आईचा फोन आला होता. रोजचा पंप तीच देते भाच्याला, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी लावून, दहा श्वास मोजत. म्हणाली, "गुळण्या पण करून घेतल्या गं त्याच्याकडून, तू सांगितल्या तशा."