भेकराच्या पोटातले जंत

नमस्कार मंडळी. गोव्याच्या या सत्तरी तालुक्यात बोलायचं म्हणून मी भेकरापासूनच, म्हणजे भुंकणाऱ्या छोट्या हरणापासूनच, सुरुवात करतो. रात्री त्याचं भुंकणं ऐकलं नाही असं घर वाळपईच्या आसपास विरळाच.

काही वर्षांपूर्वी गणेशचवथ आटोपल्यावर एका काजूबागेत कुत्र्यांनी भेकर मारलं. पंचनामा झाला, वनखात्याच्या माणसांसमोर मी शवविच्छेदन केलं. मरण कुत्र्यांच्या दातांनीच आलेलं होतं. पण पोटाचा चौथा कप्पा उघडला, तर आतल्या अस्तराला बारीक दोऱ्यासारखे, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे जंत चिकटलेले. लाल-पांढरा पीळ घातलेला. लाल म्हणजे त्यांच्या आतड्यात भरलेलं भेकराचं रक्त, पांढरे म्हणजे त्याला वेढलेले मादीचे अंडाशय. हा हिमोंकस. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे हजार जंतांचे रोजचे 50 मिलिलिटर. आणि भेकर ते केवढं, वीस-पंचवीस किलोचं! कुत्री मागे लागली तेव्हा त्याच्या पायांत किती बळ उरलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जंत सापडले म्हणजे जनावर आजारी, असं मात्र समजू नका. रानातल्या सांबर-चितळांच्या पोटात थोडेफार जंत असायचेच. कळपातल्या बहुतेकांत ते मोजके असतात आणि दोन-चार जनावरांच्या पोटात बाकीचा सगळा भार असतो. अशक्त जनावरं, नुकत्याच व्यालेल्या माद्या, पहिलाच पावसाळा पाहणारी पाडसं, यांच्यावर तो पडतो. खायला मुबलक आणि फिरायला जागा असली की निसर्ग हे सांभाळून घेतो. जागा आखडली की गणित बिघडतं.

ते कसं, हे गवतापाशी बसून पाहावं. हिमोंकसची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीबरोबर बाहेर पडतात. आपल्याकडच्या दमट उबेत एका दिवसात फुटतात, आठवड्याभरात अळी तिसऱ्या अवस्थेला पोचते. या अळीला खाता येत नाही. पहाटेच्या दवात, पाण्याच्या पातळ थरातून ती गवताच्या पात्यावर चढते आणि कुणी ते पातं खाईल याची वाट बघते. पाऊस ओसरून ऊन-पाऊस सुरू होतो, त्या चवथीच्या दिवसांत हे सगळं जोरात असतं. चपट्या पर्णकृमींची वाट वेगळी: त्यांना व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली, गोगलगाय लागते, म्हणून पाणथळ काठ त्यांचे.

आता जे सांगण्यासाठी आलो ते. म्हादई अभयारण्य 208 चौरस किलोमीटरचं आहे, पण त्याची कड आपल्या गोठ्यांना लागून आहे. सकाळी आपल्या शेळ्या जिथे चरतात, तिथेच रात्री भेकर येतं. अळीला दोघांची पोटं सारखीच. म्हणून भेकराला वाचवायचं तर औषध शेळीला द्या, रानाला नको. मिठाच्या खड्यात औषध घालून रानात ठेवूया, असं मला अनेकदा सुचवलं जातं. भावना चांगली आहे, पण हात जोडून सांगतो, करू नका. कुणी किती चाटलं हे कळत नाही, अर्धवट मात्रेनं जंत निर्ढावतात, आणि आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांना मारतं. ते किडेच तर शेण पुरून अळ्या कमी करतात!

शेळ्यांनाही सरसकट पाजू नका. खालची पापणी हळूच ओढून बघा. आतला भाग लालसर असेल तर राहू द्या, पांढराफटक असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

तपासणीला लेंडी ताजी हवी. एकदा मी नमुना रात्रभर तसाच ठेवला, तर दुसऱ्या दिवशी अंड्यांच्या जागी अळ्याच पोहत होत्या, आणि मोजणी वाया गेली. ताजी लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करून गाळली की अंडी वर तरंगतात. चाबूककृमीचं अंडं तर ओळखू येतंच, लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच.

ते आज दाखवायला आणलंय. त्या टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून ठेवला आहे, नमुना आज सकाळच्या शेळीचा. पुढच्या रांगेतल्या मुलांनी आधी या, आरसा हलवू नका.