रेंजची टेकडी

सातपुड्यातला एक पाडा. रेशन दुकान उघडं आहे, तांदळाची पोती आत रचलेली आहेत. दुकानदार मात्र समोरच्या टेकडीवर, हातात ई-पॉस मशीन, म्हणजे अंगठ्याचा ठसा ऑनलाइन पडताळणारं यंत्र, धरून उभा. रेंज तिथेच येते. मागे रांग. एक आजी पदराला अंगठा पुसते, काचेवर टेकवते. स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं. ती पुन्हा अंगठा पुसते.

इथे रेंज गेली की चूल अडते.

कंपन्या इथे आपणहून टॉवर का उभारत नाहीत? घरं थोडी, तीही डोंगरभर विखुरलेली. वीज बेभरवशाची, म्हणून डिझेल. आणि डिझेल वर न्यायला धड रस्ता नाही. एवढ्या घरांच्या रिचार्जमधून हा खर्च निघतच नाही.

हे ओळखून सरकारने २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी सुरू केला. २००३ मध्ये तार कायद्यात दुरुस्ती करून त्याला कायद्याचा आधार मिळाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित, म्हणजे ठरलेल्या वजावटींनंतरच्या, महसुलाच्या ५ टक्के आकार या कामासाठी घेतला जातो. म्हणजे दादरला कुणी रिचार्ज मारतो, त्यातले थोडे पैसे या डोंगरासाठीही असतात. काम द्यायचं ते निविदा काढून, कमीत कमी अनुदान मागणाऱ्याला. यातूनच गावोगावी सार्वजनिक फोन लागले. पुढे सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारं भारतनेट आलं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून अंदमानला केबल पोहोचली, जवळपास २,३०० किलोमीटर! जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांना ४जी देण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. २०२३ च्या नव्या कायद्याने या निधीचं नाव झालं डिजिटल भारत निधी.

पण गोळा झालेला पैसा आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, जातो, संसदेच्या मंजुरीनंतरच खर्चाला मिळतो. त्यातला मोठा हिस्सा वर्षानुवर्षं पडून राहिला, आणि डोंगरातली माणसं टेकडी चढत राहिली. हे मनाला लागतं.

शिवाय फायबर येतं ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत. पाडे तिथून कोसभर लांब. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली, टॉवरची बॅटरी बसली, की सगळं ठप्प. टॉवर उभा राहिला त्या दिवशी तो कागदावर मोजला जातो. महिन्यातले किती दिवस चालला, हे मोजून त्यावर पैसे द्यायला हवेत.

ऊन कलतं. मशीन टिकटिकतं, पावती बाहेर येते. आजी ती कमरेच्या पिशवीत जपून ठेवते आणि तांदूळ घ्यायला टेकडी उतरू लागते.